जाणकार की तज्ज्ञ: कार्डावर कोणता शब्द छापायचा?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, शिरोलीत नाहीतर गोकुळ शिरगावात कुणी कारखान्यातली नोकरी सोडली की महिन्याभरात कार्ड हातात पडतं: 'फाउंड्री तज्ञ, २५ वर्षांचा अनुभव'. शब्द 'तज्ज्ञ' आहे, तत् अधिक ज्ञ, पण शुद्धलेखन एकवेळ सोडून देऊ. त्या स्वल्पविरामाच्या अलीकडचं आणि पलीकडचं एकच आहे असं जे धरलं जातं, ते मात्र सोडण्यासारखं नाही.

जाणकार म्हणजे कोण, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. फाउंड्री म्हणजे धातू वितळवून वाळूच्या साच्यात ओतायचा कारखाना. फर्नेसच्या तोंडाशी उभं राहून वितळलेल्या धातूच्या रसाचा रंग बघून 'अजून दोन मिनिटं' म्हणणारा माणूस प्रत्येक कारखान्यात असतो आणि त्याच्याच जिवावर कारखाना चालतो. त्याच्यात आणि तज्ज्ञात डिग्री, इंग्रजी, लॅपटॉप हे फरक लोक मोजतात. ते किरकोळ आहेत. डिग्री असून नुसतेच जाणकार राहिलेले आणि दहावी नापास असून खरे तज्ज्ञ झालेले, दोन्ही याच एमआयडीसीत भेटतील.

खरा फरक एका फोनवर दिसतो. समजा, समोरचा सांगतोय की बिडाच्या (ग्रे आयर्नच्या) हाउसिंगला मशीनिंगनंतर भोकं दिसतायत, शंभरात आठ नग जातायत. जाणकार लगेच म्हणतो, "सँडमधलं पाणी कमी करा." त्याच्या स्वतःच्या शॉपमध्ये हे उत्तर बहुतेक वेळा बरोबर आलेलं असतं, कारण तिथली वाळू, तिथला मिक्सर, तिथला कोअर (नगातली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा) वर्षानुवर्षं तोच आहे. बदलायचं ते पाणीच.

तज्ज्ञ आधी नग कापून मागतो. भोकाची आतली भिंत गुळगुळीत असेल तर तो वायूचा दोष. खडबडीत, स्फटिकांची टोकं दिसणारी आणि नेमकी जाड भागात असेल तर ते आकुंचन. तिथं पाण्याचा संबंधच नाही, राइजर (आकुंचन भरून काढायला जादा रस पुरवणारा भाग) आणि रसाची घडण बघायची. वायूचाच दोष ठरला तरी प्रश्न संपत नाहीत. भोकं कोअरला लागून आहेत का? मग कोअरची वाळू धरून ठेवणारा बाइंडर आणि हवा जायच्या वाटा तपासायच्या. कातडीखाली सगळीकडे बारीक टोचल्यासारखी आहेत का? मग ओलाव्याबरोबर भंगारात ॲल्युमिनियम आलंय का तेही बघायचं, कारण बिडात थोडंसं ॲल्युमिनियम गेलं तरी ओलाव्यातून हायड्रोजन ओढला जातो. की भोकं फक्त लॅडलमधल्या, म्हणजे रस ओतायच्या भांड्यातल्या, शेवटच्या बॉक्सांना (साच्यांना) येतात? पहिला बॉक्स १४०० अंशाला भरला आणि शेवटचा १३२० वर, तर वाळूला दोष देऊन काय उपयोग?

आणि न बघता पाणी कमी केलं तर? ग्रीन सँडला, म्हणजे साच्याच्या ओल्या वाळूला, साधारण तीन ते चार टक्के ओलावा लागतो. तो फार खाली नेला की मोल्डच्या कडा ढासळतात, वाळू रसात पडते आणि पुढच्या आठवड्यात वाळूचे नग परत येतात. भोकांचं रिजेक्शन गेलं, वाळूचं आलं, आणि सल्ल्याची फी वर.

म्हणजे जाणकाराचं उत्तर त्याच्या जागेला धरून असतं. तज्ज्ञाला आपलं उत्तर कुठवर चालतं आणि कुठं थांबतं हे माहीत असतं, म्हणून तो परक्याच्या शॉपमध्येही उपयोगी पडतो. करवीरच्या गुऱ्हाळांवरचा चांगला गुळव्या याच जातीचा. दुसऱ्याच्या काहिलीवर गूळ पाझरतोय म्हणून बोलावलं, तर 'अजून आटवा' म्हणायच्या आधी तो ऊस कधी तोडला आणि रान खारपड आहे का, हे विचारतो. तोडून दोन दिवस पडलेल्या उसाचा रस कितीही आटवा, गूळ मऊच राहायचा. त्याच्याकडे कार्ड नसतं, हा भाग वेगळा.

आता जाहिरात करायची की नाही, हे ठरवायला एक साधी वही पुरते. गेल्या वीस तक्रारी लिहून काढा: समोरच्यानं काय सांगितलं, तुम्हाला काय सापडलं, काय सुचवलं, तीन महिन्यांनी काय झालं. यातल्या निदान आठ-दहा परक्या कारखान्यातल्या हव्यात. किती वेळा चुकलात आणि का, हे लिहिता आलं नाही तर थांबा. चूक एकही सापडत नसेल तर नक्कीच थांबा. याचा अर्थ तीन महिन्यांनी कुणी विचारलंच नव्हतं.

दुसरं, विकताय काय ते बघा. जाणकार कास्टिंग विकतो. नग वाईट निघाला तर परत येतो, बदलून दिला की मिटलं. तज्ज्ञ शब्द विकतो आणि नुकसान दुसऱ्याच्या शॉपमध्ये होतं. म्हणून लेखी अहवाल, त्यात 'हे मी तपासलेलं नाही' असा परिच्छेद, आणि भेटीची फी आधी ठरलेली. तोंडी सल्ला देऊन चहावर उठायची सवय असेल तर ती आधी मोडा. स्वतःची फाउंड्री चालू ठेवून तज्ज्ञ म्हणवायचं असेल तर एक अडचण धरूनच चाला: तुमचं गिऱ्हाईक तेच ज्याचं गिऱ्हाईक, तो तुम्हाला आपल्या शॉपमध्ये पाऊल टाकू देणार नाही.

काही धंद्यांत हा प्रश्न तुमच्या हातातच नाही. वकिलाच्या पाटीवर अमुक प्रकारच्या कामात विशेषज्ञ असं लिहायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. २०२५ च्या ऑगस्टात कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलं म्हणून तो नियम बदललेला नाही. त्या शाखेची पात्रता नसताना डॉक्टरनं स्वतःला स्पेशालिस्ट म्हणायचं नाही. पैसे घेऊन शेअरचा सल्ला द्यायला सेबीची नोंदणी लागते. फाउंड्रीवाल्याला, डिझायनरला, चपलेच्या कारागिराला असं कुणी अडवत नाही, म्हणूनच तिथं शब्द इतका स्वस्त झालाय.

वही तपासून छापायचंच ठरलं तर 'फाउंड्री तज्ज्ञ' छापू नका. फाउंड्रीत वाळू येते, वितळण येतं, साच्याचा नमुना म्हणजे पॅटर्न येतो, रस साच्यात कसा जायचा याची आखणी म्हणजे मेथडिंग येतं. चारही मला येतात म्हणणाऱ्याला खरेदी खात्यातला माणूस ओळखून असतो. 'ग्रे आयर्न कास्टिंगमधील वायुदोषांचं निदान' एवढंच लिहा, खाली फोन नंबर. वर्षं लिहू नका. 'सुप्रसिद्ध' तर नकोच. आणि तज्ज्ञ लिहिलंत तर ज दोनदा.