गढूळ पाण्यातले कान

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात दोन वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या डिझेल इंजिनाचा फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप, ज्याला आमच्याकडे सर्रास ‘फुटबॉल’ म्हणतात, पाइपातून निखळून तळाशी गेला. पावसाने ताण दिला होता, धान वाचवायचे होते आणि पाणी तर इतके गढूळ की बुडवलेला हातही दिसत नव्हता. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातले एक वयस्क काका गळाभर पाण्यात उतरले आणि पायाच्या बोटांनी चिखल चाचपत निघाले. अर्ध्या तासाने एका जागी थांबून म्हणाले, “गोटा नाही जी, लोखंडच हाय.” त्यांनी बुडी मारली आणि फुटबॉल वर काढला.

इराकमधील उम्म कस्र या बंदरात मार्च 2003 मध्ये अमेरिकेच्या आणि तिच्या मित्रराष्ट्रांच्या नौदलांपुढे साधारण असाच प्रश्न होता, फक्त चिखलात फुटव्हॉल्व्हऐवजी पाणसुरुंग असण्याची भीती होती. मदतीचे सामान घेऊन येणाऱ्या जहाजांसाठी वाट मोकळी करायची होती आणि तिथल्या गाळमिश्रित पाण्यात पाणबुड्याला हातभर अंतरावरचेही दिसणे कठीण होते. या कामावर इतर साधनांबरोबर प्रशिक्षित डॉल्फिनही उतरवले गेले. गडचिरोलीच्या बातम्यांमुळे भूसुरुंग हा शब्द आणि तो हुंगून शोधणारा पोलिसांचा कुत्रा आमच्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. डॉल्फिनचे काम बरेचसे त्या कुत्र्यासारखेच, पण नाकाऐवजी कानाने केलेले.

हा कान कसा चालतो, हे समजायला कुंभाराच्या दुकानात जावे. माठ घेताना आपण त्यावर टिचकी मारतो आणि भांडे पक्के आहे की त्याला तडा गेला आहे, हे आवाजावरून ओळखतो. डॉल्फिन हीच टिचकी दुरून मारतो. डोक्यावरच्या श्वासछिद्राखाली, नाकाच्या मार्गात, तो अत्यंत तोकडे टकटक ध्वनी निर्माण करतो. कपाळातला चरबीचा गोळा भिंगासारखे काम करून ते पुढच्या दिशेने एकवटतो, आणि वस्तूवर आपटून परतलेला प्रतिध्वनी खालच्या जबड्यातील चरबीतून कानापर्यंत पोहोचतो. माणसाला फार तर 20 हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, डॉल्फिन मात्र सुमारे दीड लाख हर्ट्झपर्यंत ऐकतो. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1,500 मीटर असल्याने 75 मीटरवरच्या वस्तूचा प्रतिध्वनी सेकंदाच्या दहाव्या भागात परत येतो, आणि डॉल्फिन सहसा तो ऐकल्यावरच पुढची टिचकी मारतो. 1 लाख 20 हजार हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी पाण्यात जेमतेम सव्वा सेंटिमीटर भरते, म्हणून लहान वस्तूचा आकारही या ध्वनीच्या चिमटीतून निसटत नाही. प्रयोगांत डॉल्फिनने चेंडूएवढा पोलादी गोळा शंभराहून अधिक मीटरवरून ओळखला आहे, आणि बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन नळकांड्यांच्या पत्र्याच्या जाडीतला मिलिमीटरच्या अंशाइतका फरकही सांगितला आहे. गाळात पुरलेला सुरुंगही त्याला सापडतो, कारण ध्वनीचा काही भाग चिखलात शिरून परत येतो.

यंत्रांनाही सोनार, म्हणजे प्रतिध्वनीवरून वस्तू शोधण्याची सोय, असतेच. पण उथळ बंदरात लाटांचा, बोटींचा आणि कोळंबीच्या काही जातींच्या नांग्यांचा सततचा गोंगाट असतो, तळाशी डबे, साखळ्या आणि दगड पडलेले असतात, आणि त्या पसाऱ्यातून नेमकी वस्तू निवडण्यात डॉल्फिन अनेक दशके यंत्राच्या पुढे राहिला.

विशेष म्हणजे अमेरिकेच्या नौदलाने डॉल्फिन आणला तो त्याच्या कानासाठी नव्हे. 1960 मध्ये ‘नॉटी’ नावाच्या डॉल्फिनचा अभ्यास सुरू झाला, तो पाणतीराचा, म्हणजे टॉर्पेडोचा, आकार सुधारता येईल का, हे पाहण्यासाठी. 1965 मध्ये ‘टफी’ नावाच्या डॉल्फिनने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ सुमारे 60 मीटर खोलवर राहणाऱ्या संशोधकांना टपाल आणि अवजारे पोहोचवली. पुढे व्हिएतनाममधील काम रान्ह उपसागरात आणि 1980 च्या दशकात पर्शियन आखातात हे प्राणी पहाऱ्यावर होते. सी लायन, म्हणजे समुद्रसिंह, हाही याच तुकडीतला. त्याच्याकडे सोनार नाही, पण अंधुक उजेडातली नजर आणि पाण्याखालच्या आवाजाची दिशा ओळखण्याची हातोटी उत्तम असल्याने, सरावानंतर तळाशी राहिलेल्या वस्तूला दोरीची पकड अडकवण्याचे काम त्याला देतात.

सुरुंग शोधताना डॉल्फिन छोट्या होडीसोबत जातो, ठरलेला भाग तपासतो आणि परत येऊन ‘आहे’ किंवा ‘नाही’ यांपैकी एक खूण करतो. ‘आहे’ असेल तर खुणेची दोरी त्याच्याकडे दिली जाते, ती तो वस्तूजवळ सोडून येतो आणि पुढचे काम पाणबुडे करतात. सुरुंगाला हात लावणे त्याच्या कामात बसत नाही.

आमच्याकडे गोऱ्हा, म्हणजे तरुण बैल, वाहीला (नांगरटीला) लावताना त्याला जुन्या बैलाच्या जोडीला जुंपतात. वेसण असते, तुतारी म्हणजे टोचायची काठी असते. डॉल्फिनला यातले काहीच चालत नाही, कारण खुल्या समुद्रात तो केव्हाही निघून जाऊ शकतो. म्हणून बरोबर कृती होताच शिट्टी आणि शिट्टीपाठोपाठ मासा, एवढाच व्यवहार असतो. वर्तनशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून आलेली ही पद्धत त्यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी प्रयोगशाळेबाहेर नेली. तरीही या प्राण्याची संमती घेतली असे म्हणणे मला धाडसाचे वाटते. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे शेकतो, ते त्या खांद्यांवर आपण काय लादले हे ठाऊक असते म्हणूनच.

सोव्हिएत संघानेही 1960 च्या दशकापासून क्रिमियातील सेवास्तोपोल येथे डॉल्फिन पाळले. 2022 मध्ये त्या बंदराच्या तोंडाशी डॉल्फिनचे पिंजरे उपग्रहचित्रांत दिसले. एप्रिल 2019 मध्ये नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर एक पांढरा बेलुगा देवमासा माणसांजवळ आला, तेव्हा त्याच्या अंगावर कॅमेऱ्याची बैठक असलेला पट्टा होता आणि पट्ट्याच्या बकलावर सेंट पीटर्सबर्गचे नाव. त्याला ‘ह्वाल्दिमीर’ म्हणू लागले. तो कोणाचा, हे रशियाने कधी सांगितले नाही. 31 ऑगस्ट 2024 रोजी तो मृतावस्थेत सापडला.

2013 मध्ये सॅन दिएगोजवळच्या समुद्रात सराव चालू असताना एक डॉल्फिन वर आला आणि त्याने ‘आहे’ अशी खूण केली. तिथे नौदलाने सरावासाठी काहीच ठेवलेले नव्हते, त्यामुळे प्रशिक्षकांनी ती चूक धरली. आठवडाभराने दुसऱ्या डॉल्फिनने त्याच भागात तीच खूण केली, तेव्हा पाणबुडे खाली गेले. गाळात एकोणिसाव्या शतकातला हॉवेल पाणतीर होता, पितळी आणि दोन तुकडे झालेला. असे पाणतीर एकूण 50 च बनले होते आणि तोवर त्यांपैकी एकच शिल्लक असल्याचे ठाऊक होते, तोही संग्रहालयात.