ऑईल पंप आणि दाबाविषयीचा एक गैरसमज

डॅशबोर्डवरचा तेलाच्या बुधलीचा लाल दिवा लागला की बहुतेकांचा पहिला तर्क ‘तेल कमी झाले असेल’ हा असतो आणि दुसरा ‘ऑईल पंप गेला असेल’ हा. दोन्ही तर्क कधीकधी खरेही ठरतात; पण हा दिवा सहसा तेलाची पातळी मोजत नसतो. तो दाबाच्या एका स्विचला जोडलेला असतो आणि मुख्य तेलवाहिनीतला दाब साधारणपणे ०.३ ते ०.५ बारच्या (१ बार म्हणजे जवळपास हवेच्या दाबाइतका दाब) खाली गेला की पेटतो. हा दाब पंपच निर्माण करतो असे आपण गृहीत धरतो आणि तिथेच गफलत होते. पंप तेल पुढे ढकलतो, म्हणजे प्रवाह निर्माण करतो. त्या प्रवाहाला वाटेत अडथळा होतो म्हणून दाब तयार होतो.

गिअर पंपात घट्ट बसत्या कवचामध्ये दोन दंतचक्रे एकमेकांत अडकून फिरतात. त्यांच्या मधून, दातांच्या चिमटीतून, तेल पुढे जात असावे असे चित्र पाहताना वाटते. प्रत्यक्षात ते बाहेरच्या बाजूने, कवचाच्या भिंतीला लागून जाते. ज्या बाजूला दात एकमेकांपासून सुटतात तिथली पोकळी वाढते, दाब घटतो आणि ऑईल संपमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतल्या, तेलावरचा हवेचा दाब त्याला जाळीतून वर ढकलतो. दोन दातांमधल्या खाचेत सापडलेले तेल अर्धा फेरा मारून पलीकडे पोहोचते. तिथे दात पुन्हा एकमेकांत शिरून खाच भरून टाकतात, त्यामुळे तेलाला बाहेर पडण्यावाचून मार्ग उरत नाही. अनेक इंजिनांत याऐवजी रोटर पंप असतो: आतला रोटर समजा ४ उंचवट्यांचा, बाहेरचे कडे ५ खाचांचे आणि दोघांचे केंद्र किंचित सरकवलेले. एका खाचेच्या या फरकामुळे त्यांच्यामधले कप्पे अर्ध्या फेऱ्यात फुगतात आणि उरलेल्या अर्ध्यात आक्रसतात. कोणत्याही प्रकारात, दर फेऱ्याला ठरावीक आकारमानाचे तेल, एवढाच पंपाचा हिशेब असतो.

हे तेल फिल्टरमधून मुख्य वाहिनीत, तिथून क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, बेअरिंगांत (त्याला आधार देणाऱ्या कड्यांत) आणि वर झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत जाते. बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांची असते. अशा अरुंद फटीतून ठरावीक दाबाखाली वाहणारे तेल फटीच्या रुंदीच्या घनाच्या समप्रमाणात आणि तेलाच्या विष्यंदितेच्या, म्हणजे वाहण्याला होणाऱ्या त्याच्या अंतर्गत विरोधाच्या, व्यस्त प्रमाणात असते. झिजून फट ०.०४ मिलिमीटरची ०.०५ झाली, तर गुणोत्तर १.२५ आणि त्याचा घन १.९५, म्हणजे झीज दिसायला एक शतांश मिलिमीटर आणि गळती जवळजवळ दुप्पट. त्यात ४० अंश सेल्सिअसला असलेली विष्यंदिता १०० अंशांना साधारण एक षष्ठांशावर येते. जुन्या गाडीचा दिवा इंजिन तापल्यावर आणि मंद गतीलाच लुकलुकतो, याचे कारण बहुधा इथे असते आणि पंपाला उगाच दोष दिला जातो.

मग शाफ्टचा भार कोण पेलतो? ब्यूचँप टॉवर हा इंग्रज अभियंता रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालण्यासाठी पाडलेल्या भोकातून आस फिरताच तेल उलट वर येऊ लागले. त्याने बूच लावले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. शेवटी दाबमापक जोडला, तर त्याचा काटा २०० पौंड प्रति चौरस इंचाची मर्यादा ओलांडून गेला, आणि बेअरिंगवरचा सरासरी भार होता केवळ १०० पौंड प्रति चौरस इंच! हा वृत्तान्त १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १८८६ मध्ये ब्रिटिश अभियंता ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्याचे गणित मांडले: फिरणारा शाफ्ट तेलाला निमुळत्या होत जाणाऱ्या फटीत ओढतो आणि तिथे तयार होणारा दाबच त्याला उचलून धरतो. आजच्या इंजिनात या थरातला कमाल दाब पंपाच्या वाहिनीतल्या काही बार दाबाच्या शेकडो पट असू शकतो. कडांमधून निसटलेल्या तेलाची भरपाई करणे आणि उष्णता वाहून नेणे, हे पंपाचे काम.

म्हणूनच दाब वाढावा यासाठी अधिक दाट तेल ओतण्याचा सल्ला फसवा आहे. दाब ठरावीक मर्यादेला पोहोचला की स्प्रिंगवरचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जास्तीचे तेल मागे फिरते. मापकावर आकडा छान दिसतो, पण थंड इंजिनात बेअरिंगपर्यंत तेल कमी पोहोचते. तेलात घालायच्या ‘चमत्कारी’ मिश्रणांबद्दल तर बोलायलाच नको. इंजिन सुरू होताना त्याला जवळपास काहीच संरक्षण नसते, असे सांगणाऱ्या ‘स्लिक ५०’च्या जाहिराती खोट्या असल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९६ मध्ये ठेवला आणि पुढच्या वर्षी कंपनीने तडजोड केली.

पंपाच्या भागांना सतत तेल मिळत असल्याने तो सहसा दीर्घकाळ टिकतो. त्याची खरी निगा म्हणजे तेलाची निगा. उत्पादकाने सांगितलेल्या दर्जाचे तेल व फिल्टर ठरल्या मुदतीत बदलावे आणि सपाट जागी, इंजिन बंद करून थोड्या वेळाने डिपस्टिक पाहावी. पातळी फार खाली गेली तर वळणावर जाळी उघडी पडून पंप हवा ओढतो. फार वर गेली तर क्रँकशाफ्ट तेल घुसळून फेस करतो. तेलाचा गाळ किंवा जास्त लावलेल्या सीलंटचे तुकडे जाळीत अडकले, तर नवा पंपही उपाशी राहतो. चालत्या गाडीत लाल दिवा पेटला, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन ताबडतोब बंद करावे. पंप उघडण्याआधी मेकॅनिककडून स्विचच्या जागी मापक लावून खरा दाब तपासून घ्यावा, कारण पुष्कळदा बिघाड स्विचमध्येच निघतो. पंप बदलावाच लागला, तर बसवण्यापूर्वी त्यात तेल भरावे. कोरड्या दातांमधल्या फटींतून हवा निसटत राहते आणि तेल वर ओढले जात नाही.