टाक्यांनंतरचा चौथा दिवस

पावसाळ्यात ठाण्याच्या उपवन तलावाकाठी कणसं भाजायला लागली की माझी नजर जमिनीवर असते. दाणे खाऊन फेकलेलं कणीस कुत्र्याला पचत नाही. लहान आतड्यात ते बुचासारखं अडकून बसतं. आमच्या चिकूचं आतडं त्यापायी उघडावं लागलं. तिसऱ्या दिवशी ती शेपूट हलवत जेवली आणि घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण आतडं शिवलेल्या कुत्र्याला सगळ्यात जास्त जपायचं ते नेमकं तिसऱ्या ते पाचव्या दिवशी.

जखम भरताना शरीर आधी कडांवरचं जुनं कोलॅजेन, म्हणजे आतड्याची भिंत घट्ट धरून ठेवणारं प्रथिन, मोडून काढतं. नवं अजून पुरेसं तयार झालेलं नसतं, त्यामुळे हे दिवस सगळा भार एकट्या दोऱ्यावर असतो. टाका उसवला तर आतड्यातले जंतू थेट पोटाच्या पोकळीत उतरतात, आणि मग प्रश्न जिवाचाच असतो. म्हणून सर्जन टाका घेताना सबम्युकोसा हा आतड्याचा चिवट थर चुकू देत नाहीत. शिवून झाल्यावर आत सलाइन भरून, हलकेच दाबून कुठे थेंब झिरपतो का ते बघतात. शेवटी पोटातला चरबीचा जाळीदार पडदा जोडावर पांघरतात. तो रक्तपुरवठा घेऊन येतो आणि बारीकशी फट बुजवायलाही मदत करतो.

पूर्वी अशा कुत्र्याला दोन-तीन दिवस उपाशी ठेवत. आता उलटी नसेल तर साधारण 12 ते 24 तासांत मऊ अन्न थोडं थोडं सुरू करतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी बरंचसं पोषण समोरून जाणाऱ्या अन्नातूनच घेतात. शिवाय अन्न आलं की थंडावलेलं आतडं हालचाल करू लागतं. पट्टा लावून सावकाश चालवण्याचाही उपयोग होतो. आतड्याची चाल वेदनेनेही मंदावते, म्हणून डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामकं आपल्या मनाने बंद करू नका. आणि घरातली आयब्युप्रोफेनची गोळी तर कुत्र्याला कधीच देऊ नका. तिने जठरात व्रण होतात.

दोन दिवस शी झाली नाही तरी घाबरायचं कारण नाही. मात्र पुन्हा उलट्या, अन्नावरून तोंड फिरवणं, मलूलपणा, हात लावताच पोट आवळून घेणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. कुत्र्याचं तापमान एरवी 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असतं. 103च्या वर गेलं की लगेच फोन करा.

चौथ्या रात्री चिकूचं पोट हाताला मऊ लागलं, थर्मामीटर 101.6 दाखवत होता. तरी पाचव्या रात्रीसाठी दोनचा गजर लावूनच ठेवला.