रश्श्यात फुटलेलं दूध आणि बाटलीतलं खोबरेल

पांढरा रस्सा करताना कोल्हापुरातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात एक धाक असतो: नारळाचं दूध फुटता कामा नये. दूध घातलं की गॅस बारीक करायचा, डाव फिरवत राहायचा, खळखळून उकळी येऊ द्यायची नाही. एवढं करूनही कधी लक्ष चुकतं, आणि रश्श्यावर तेलाचे बारीक डोळे तरंगायला लागतात. घरात हळहळ होते. पण व्हर्जिन खोबरेल, म्हणजे ताज्या नारळाचं, रिफाइंड न केलेलं तेल बनवणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

नारळाच्या दुधात तेलाचे अगदी सूक्ष्म थेंब पाण्यात विखुरलेले असतात. प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनांचं पातळ आवरण असतं, त्यामुळे थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. हे आवरण मोडलं की दूध फुटतं आणि तेल सुटं होतं. ते मोडायचे मार्ग वेगवेगळे आहेत. दूध मंद आचेवर आटवायचं, दिवस-दीड दिवस आंबवून ठेवायचं, किंवा यंत्रात इतक्या वेगाने फिरवायचं की हलकं तेल आपोआप वेगळं होईल. चौथा मार्ग दुधाच्या वाटेला जातच नाही: ताजं खोबरं किसायचं, कमी उष्णतेवर वाळवायचं आणि दाबून तेल काढायचं. या चारही तेलांना बाजारात व्हर्जिनच म्हणतात, आणि त्यांच्यात डावं-उजवं असतं ते इथूनच. आंबवलेल्या तेलात पाण्याचा अंश आणि किंचित आंबूस वास राहण्याची शक्यता जास्त. यंत्रात फिरवलेलं तेल पाण्यासारखं नितळ आणि वासाला सौम्य. आटवलेल्याला खमंग, भाजक्या खोबऱ्याचा वास.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे लाकडी घाणे पुन्हा दिसू लागले आहेत. मला त्याचा आनंद आहे, शेंगदाणा तेल मीही तिथूनच आणतो. पण खोबरेलाच्या बाबतीत एक घोटाळा होतो. घाण्यात बहुतेक वेळा सुकं खोबरं पडतं. त्याचं तेल चांगलं असू शकतं, थंड पद्धतीचं, म्हणजे न तापवता काढलेलंही असू शकतं, पण ते व्हर्जिन खोबरेल नव्हे. व्हर्जिन म्हणायला कच्चा माल ताज्या, पिकलेल्या नारळाचा हवा. म्हणून घाण्यावर मी पहिला प्रश्न विचारतो तो 'ओलं की सुकं?' हा.

हा फरक शब्दांचा नाही, पाण्याचा आहे. ओल्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मं पाणी असतं. ते वाळवून ६-७ टक्क्यांवर आणलं की सुकं खोबरं टिकतं. मधल्या दिवसांत ढगाळ हवा आली, वाळवण रेंगाळलं, तर बुरशी धरते. कुठे धुरावर वाळवतात, कुठे पांढरंशुभ्र दिसावं म्हणून गंधकाची धुरी देतात. ही सगळी कर्मकहाणी वासाच्या रूपाने तेलात उतरते. घाणा कितीही थंड फिरला तरी आधी बिघडलेलं खोबरं तो सुधारू शकत नाही.

बिघडलेल्या खोबऱ्याला मराठीत नेमका शब्द आहे: खवट. कांदा-लसूण मसाल्यासाठी खोबऱ्याच्या वाट्या घेताना आई अजूनही दुकानात उभ्या-उभ्या तुकडा मोडते, हुंगते, दाताखाली धरते, आणि काही क्षण थांबते. ते थांबणं महत्त्वाचं आहे. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या एका कण्याला जोडलेली तीन मेदाम्लं. पाणी आणि बुरशीतली विकरं (एन्झाइम) मिळून ही जोडणी तोडतात, आणि मेदाम्लं मोकळी होतात. खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं. ते मोकळं झालं की साबणासारखी चव येते आणि घसा खवखवतो. शेंगदाणा तेलातली मेदाम्लं लांब साखळीची असल्यामुळे मोकळी झाली तरी जिभेला फारशी कळत नाहीत. खोबरेलातली आखूड असतात, म्हणून लगेच चुगली करतात.

आईची जीभ जे सांगते ते प्रयोगशाळेत मोजता येतं, आणि मोजणी इतकी सुबक आहे की दहावी-बारावीच्या मुलांनाही आवडेल. १० ग्रॅम तेल उदासीन केलेल्या अल्कोहोलात घ्यायचं, फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब टाकायचे आणि ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोडा थेंब-थेंब सोडायचा, गुलाबी छटा टिकेपर्यंत. लॉरिक आम्लाचा रेणूभार २०० असल्याने १ मिलिलिटर सोडा म्हणजे बरोबर ०.२ टक्के मोकळं आम्ल. आशिया-पॅसिफिकमधल्या नारळ उत्पादक देशांच्या संघटनेने व्हर्जिन खोबरेलासाठी घातलेली मर्यादा हीच आहे: ०.२ टक्के. म्हणजे एका मिलिलिटरच्या आत गुलाबी झालं तर तेल पास. त्याच मानकात पाण्याचा अंश ०.१ टक्क्याच्या आत आणि पेरॉक्साइड मूल्य ३ च्या आत असावं असं म्हटलंय.

पेरॉक्साइडचा आकडा मात्र जपून वाचावा. हवेतल्या ऑक्सिजनने तेल किती बिघडलं, हे तो सांगतो. खोबरेल सुमारे ९० टक्के संपृक्त (सॅच्युरेटेड), ऑक्सिजनला धरायला जागाच कमी, त्यामुळे हा आकडा मुळात लहानच येतो. शिवाय पेरॉक्साइडं पुढे मोडून जातात, म्हणून फार जुन्या तेलाचा आकडा परत खाली आलेलाही दिसतो.

आम्लाच्या आकड्यालाही एक पळवाट आहे. रिफाइंड खोबरेलात मोकळं आम्ल काढूनच टाकलेलं असतं. कसोटीत ते व्हर्जिनपेक्षा सरस ठरू शकतं, पण त्याचा वासही गेलेला असतो. नारळाचा तो गोडसर गंध लॅक्टोन नावाच्या संयुगांमुळे येतो, आणि शुद्धीकरणातल्या उष्ण वाफेत ती उडून जातात. म्हणून आकडा आणि नाक दोन्ही लागतात. व्हर्जिनमध्ये थोडं रिफाइंड खोबरेल मिसळलं तर पकडणं सगळ्यात अवघड, कारण दोन्हींतली मेदाम्लं सारखीच. पाम कर्नल तेल (पामच्या बीतल्या गराचं तेल) मिसळलं असेल तर आयोडिन मूल्य, म्हणजे तेल किती असंपृक्त आहे ते सांगणारा आकडा, चुगली करतं: खोबरेलाचं साधारण ६ ते ११, पाम कर्नलचं १४ ते २१.

'थंडीत गोठलं म्हणजे अस्सल' हे आपल्याकडचं आवडतं वाक्य. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे डिसेंबरात कोल्हापुरातली बाटली सकाळी दगड होणारच. पण पाम कर्नल तेलही गोठतं, रिफाइंडही गोठतं. गोठत नाही ते संशयास्पद, एवढंच म्हणता येईल. त्यापेक्षा हिशेब करावा. एक लिटर व्हर्जिन तेलाला दहा-पंधरा नारळ लागतात. बाजारात तेवढ्या नारळांना जे पैसे पडतात, त्यापेक्षा तेलाची बाटली स्वस्त असेल तर विक्रेत्याला विचारायला हवं.

'थंड' म्हणजे नेहमीच श्रेष्ठ, हेही तपासून घ्यावं. नारळाचं दूध आटवून काढलेल्या तेलात थंड पद्धतीपेक्षा जास्त पॉलिफेनॉल (ऑक्सिजनमुळे होणारा बिघाड रोखणारी संयुगं) आढळली आहेत, कारण उष्णतेने ती पाण्याकडून तेलाकडे सरकतात. केरळात बाळांच्या मालिशसाठी घरोघरी असंच आटवलेलं तेल करतात. व्हर्जिन हा शब्द तेल कसं काढलं ते सांगतो. ते किती खावं हे सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटना संपृक्त मेद रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते, आणि खोबरेलाने वाईट कोलेस्टेरॉल वाढतं हे अनेक चाचण्यांत दिसलंय. महागडी बाटली आणली म्हणून फोडणीचं शेंगदाणा तेल सोडून देण्याचं कारण मला दिसत नाही.

घरी दोन-तीन तेलं ताडून पाहायची असतील तर आधी सगळ्या बाटल्या कोमट पाण्यात ठेवून पूर्ण वितळवा. अर्धवट गोठलेल्या तेलात वरचा आणि खालचा भाग सारखा नसतो, नमुना चुकतो. पांढऱ्या वाट्यांत ओतून रंग बघा: व्हर्जिन जवळजवळ रंगहीन, सुक्या खोबऱ्याचं पिवळसर. तळाला धुरकट थर असेल तर तिथे पाणी किंवा प्रथिनं उरली आहेत, आणि ते तेल फार दिवस टिकणार नाही. मग तळहातावर चार थेंब चोळून हुंगा, अर्धा चमचा तोंडात घ्या आणि आईसारखं थोडं थांबा. बाटली खाण्याच्या तेलाची, अन्न परवान्याचा क्रमांक असलेली हवी, केसांना लावायची नको. उघडलेली बाटली गॅसपासून आणि उन्हापासून लांब ठेवा, आणि तिच्यात ओला चमचा घालू नका.