लेव्हेनहूक यांची पत्रे

नेदरलँड्समधील डेल्फ्टचे कापड व्यापारी आंतोन व्हान लेव्हेनहूक (१६३२–१७२३) यांनी लंडनच्या रॉयल सोसायटी या वैज्ञानिक संस्थेला १६७३ पासून मृत्यूपर्यंत लिहिलेली, सूक्ष्मदर्शकातून केलेल्या निरीक्षणांची पत्रे. त्यांची संख्या सुमारे १९० असून बहुतेक मूळ प्रती सोसायटीच्या दप्तरात आहेत.

लेव्हेनहूक यांना लॅटिन येत नव्हते. त्या काळच्या विद्वानांत ही मोठी उणीव मानली जाई. पण त्यामुळेच ही पत्रे साध्या डचमध्ये उतरली, आणि भिंगाखाली काय दिसले ते त्यांत आडपडदा न ठेवता आले. सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी सुरुवातीच्या पत्रांचे इंग्रजी भाषांतर केले. चित्रे लेव्हेनहूक पगारी चित्रकारांकडून काढून घेत.

९ ऑक्टोबर १६७६ चे पत्र सर्वांत प्रसिद्ध आहे. मिरी जिभेला का झोंबते हे पाहण्यासाठी त्यांनी ती पाण्यात भिजत घातली होती. त्या पाण्यात त्यांना अतिसूक्ष्म जीव वळवळताना दिसले. लंडनमध्ये यावर सहज विश्वास बसला नाही, तेव्हा त्यांनी प्रतिष्ठित लोकांच्या साक्षी लिहून पाठवल्या. इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांनी नोव्हेंबर १६७७ मध्ये सोसायटीच्या सभासदांसमोर तेच जीव दाखवले. १६८३ च्या पत्रात दातांच्या किटणातील जीव आहेत. आपण रोज सकाळी मिठाने दात घासतो, तरी ते सापडले, असे त्यांनी त्यात नमूद केले आहे.

या संग्रहातील सर्वांत मोलाची वस्तू मात्र तीनशे वर्षे कोणाच्या लक्षात आली नाही. १६७४ च्या एका पत्राला त्यांनी कागदाच्या लहान पुड्या चिकटवल्या होत्या. त्यांत बूच, एल्डर झाडाचा गाभा यांचे पातळ काप आणि गाईच्या दृक्‌चेतेचा (डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूचा) वाळवलेला काप होता. १९८१ मध्ये ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ ब्रायन फोर्ड यांना या पुड्या सोसायटीच्या दप्तरात जशाच्या तशा मिळाल्या. आपली उत्तम निरीक्षणपद्धत लेव्हेनहूक यांनी कोणालाच सांगितली नव्हती, आणि त्यांनी सोसायटीला मृत्युपत्राने दिलेले २६ चांदीचे सूक्ष्मदर्शकही पुढे हरवले. त्यामुळे त्यांच्या हाताची सफाई दाखवणारा प्रत्यक्ष पुरावा म्हणजे या पुड्या. फोर्ड यांनी हे काप उट्रेख्टला जपलेल्या लेव्हेनहूक यांच्याच एका सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिले. वनस्पतींच्या पेशींच्या भिंती त्यांत स्वच्छ दिसल्या.