पायाळू बाळाचा खुबा

पायाळू माणसानं पाठीत लाथ मारली की उसण जाते म्हणतात. पण पायाळू बाळाच्या खुब्याची चौकशी सहसा कुणी करत नाही. वास्तविक खुबा निखळण्याचा धोका अशाच बाळांना जास्त. मुलगी असेल किंवा आईबाप, भावंडं यांपैकी कुणाला हा त्रास झाला असेल, तर आणखी.

निखळलेला खुबा तान्ह्या बाळाला दुखत नाही. त्यामुळे ते रडत नाही, आणि मूल लंगडत चालू लागेपर्यंत घरात पत्ता लागत नाही. म्हणून प्रसूतिकक्षातल्या आणि लसीकरणाच्या नर्सची नजर मोलाची.

नवजात बाळ शांत असताना, लंगोट काढून, ऊबदार हातांनी, एका वेळी एकच खुबा तपासायचा. रडणारं बाळ स्नायू आवळतं आणि सैल खुबाही घट्ट भासतो. गुडघा आणि खुबा काटकोनात दुमडायचा. अंगठा मांडीच्या आतल्या बाजूला, बोटं बाहेरच्या उंचवट्यावर. मांडी आत घेत हलकेच मागे दाबली की मांडीच्या हाडाचा सैल गोळा खुब्याच्या वाटीबाहेर सरकतो. ही बार्लो चाचणी. मांडी फाकवत बोटांनी गोळा पुढे उचलला की निखळलेला गोळा आत बसतो, ही ऑर्टोलानी. तो ‘खट्ट’ हाताला जाणवतो. नुसता बारीक ‘टिक’ आवाज बहुधा निरुपद्रवी. जोर मुळीच लावायचा नाही.

सुरगाण्यातलं उपकेंद्र असो की शहरातला दवाखाना, बाळ 6, 10 आणि 14 आठवड्यांना लसीसाठी येतंच. पण दोन-तीन महिन्यांनंतर तो ‘खट्ट’ मिळेनासा होतो. तेव्हा पाहायचं ते मांडी किती फाकते, दुमडलेले गुडघे एका उंचीला येतात का. दोन्ही खुबे निखळलेले असतील तर गुडघे समानच दिसतात, इथंच चूक होते. मांडीच्या वळ्या दोन्हीकडे सारख्या नसणं हा एकटा पुरावा नव्हे.

पायाळू बाळाची तपासणी ठीक वाटली तरी सहाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी करावी. गोळा अजून कूर्चेचा, म्हणजे पक्कं हाड न झालेला असल्यानं चार महिन्यांआधी एक्स-रेचा फारसा उपयोग नाही.

निफाडकडच्या थंडीत बाळाला पाय सरळ ताणून करकचून गुंडाळतात; त्यानं गोळा बाहेर ढकलला जाऊ शकतो. कमरेखाली दुपटं सैल हवं, पाय बेडकासारखे दुमडता येतील इतकं. कडेवर घेणं उत्तमच.

खुबा जागेवर राहावा म्हणून पाय दुमडून फाकलेले ठेवणारा पाव्हलिक पट्टा लावला असेल तर घरच्यांनी तो आपल्या मनानं सैल करू नये. पट्ट्यातल्या एखाद्या पायानं बाळ लाथा मारेनासं झालं, तर मज्जातंतूवर दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.