रोलेक्स : जाहिरातींतून दिसणारा इतिहास

रोलेक्स ही मनगटी घड्याळे बनवणारी जिनिव्हातील स्विस कंपनी आहे. तिची मालकी हान्स विल्सडॉर्फ प्रतिष्ठानाकडे आहे. शेअर बाजाराशी संबंध नसल्याने ती ताळेबंद जाहीर करत नाही आणि दप्तरही सहसा उघडत नाही. त्यामुळे तिचा इतिहास लिहिणाऱ्याला जुन्या जाहिरातींचा मोठा आधार घ्यावा लागतो. जाहिरात म्हणजे स्वतःच्याच खटल्यात दिलेली साक्ष. तारखा, नावे, चित्रे तिच्यातून मिळतात, पण जबानी मात्र दुसरीकडे ताडून पाहावी लागते. रोलेक्सच्या बाबतीत हे ताडून पाहणे विशेष रंजक आहे, कारण या कंपनीने पहिल्यापासून साक्षीदारच पुढे केले. आधी वेधशाळेचा दाखला, मग माणसाचे शरीर, आणि शेवटी माणसाचा हुद्दा.

हान्स विल्सडॉर्फ (१८८१–१९६०) हा बव्हेरियातील कुल्मबाखचा. लहानपणीच आईवडील गेले. ला शो-द-फों या स्विस घड्याळनगरीत नोकरी करून तो १९०३ साली लंडनला आला आणि १९०५ साली आल्फ्रेड डेव्हिसबरोबर ‘विल्सडॉर्फ अँड डेव्हिस’ ही पेढी काढली. घड्याळांची यंत्रे स्वित्झर्लंडमधील बिएन गावच्या एग्लर कारखान्यातून यायची आणि त्यांची डबी, पट्टा, विक्री हे पेढी पाहायची. ‘रोलेक्स’ हे नाव १९०८ साली नोंदवले गेले. घोड्यांच्या बसमधून चीपसाइड रस्त्याने जाताना कुणा अदृश्य शक्तीने ते कानात सांगितले, अशी आठवण विल्सडॉर्फने लिहिली आहे. जाहिरातदाराला शोभेल अशीच ती गोष्ट आहे.

त्या काळी ब्रिटनमध्ये घड्याळाच्या तबकडीवर बनवणाऱ्याचे नाव नसे, विकणाऱ्या दुकानदाराचे असे. गिऱ्हाइकाचा विश्वास पेठेतल्या ओळखीच्या सराफावर होता. विल्सडॉर्फने सहा घड्याळांच्या खोक्यातल्या एकाच घड्याळावर ‘रोलेक्स’ छापून सुरुवात केली आणि हळूहळू हे प्रमाण वाढवले. दुकानदार कुरकुरायचे. त्यांना वळवायचे तर गिऱ्हाइकानेच दुकानात येऊन नाव घेऊन घड्याळ मागायला हवे होते, आणि त्यासाठी वृत्तपत्रातली जागा विकत घेण्यावाचून इलाज नव्हता. जाहिरातीवरचा हा भर अशा रोकड्या गरजेतून आला.

पहिल्या जाहिरातींचा सूर वकिली आहे. मनगटी घड्याळ तेव्हा बायकांचा दागिना समजले जाई. एवढ्याशा यंत्रात अचूकपणा कुठून येणार, असे जाणकार घड्याळजीही म्हणत. विल्सडॉर्फने यावर दाखल्यांचे उत्तर शोधले. १९१० साली बिएनच्या तपासणी केंद्राने रोलेक्सच्या मनगटी घड्याळाला क्रोनोमीटरचे, म्हणजे अतिशय अचूक कालमापकाचे, प्रमाणपत्र दिले. १५ जुलै १९१४ रोजी इंग्लंडमधील क्यू वेधशाळेने ४५ दिवसांच्या चाचणीनंतर ‘अ’ वर्गाचा दाखला दिला. वेगवेगळ्या स्थितींत व तापमानांत घेतली जाणारी ही परीक्षा तोवर जहाजांवरच्या मोठ्या कालमापकांसाठी असे. पुढे कित्येक वर्षे कंपनीने या दाखल्याचा उल्लेख सोडला नाही. त्यानंतर दोनच आठवड्यांत महायुद्ध सुरू झाले. खंदकातल्या सैनिकांनी मनगटाला घड्याळ बांधले आणि बायकी म्हणून होणारी चेष्टा आपोआप थांबली. युद्धाने विल्सडॉर्फचे नुकसानही केले. १९१५ साली ब्रिटनने आयात घड्याळांवर ३३ टक्क्यांहून जास्त जकात बसवली. कारभार टप्प्याटप्प्याने स्वित्झर्लंडला हलला आणि १९२० साली जिनिव्हात कंपनीची नोंदणी झाली.

पोहणारी साक्षीदार

मनगटी घड्याळाचे खरे वैरी दोन, धूळ आणि पाणी. दोन्ही शिरतात ती किल्ली द्यायच्या चावीच्या भोकातून. पॉल पेरेगो आणि जॉर्ज पेरे या दोन स्विस कारागिरांनी आट्यांनी घट्ट बसणारी चावी शोधली होती. विल्सडॉर्फने त्यांचे पेटंट विकत घेतले, डबीची मागची व पुढची बाजूही आट्यांची केली आणि १९२६ साली ‘ऑयस्टर’ बाजारात आणले. ऑयस्टर म्हणजे कालव, शिंपले घट्ट मिटून बसणारे. आता प्रश्न होता तो लोकांना हे पटवायचे कसे, हा.

मर्सिडीज ग्लाइट्झ ही लंडनमध्ये टंकलेखिकेचे काम करणारी तरुणी. ७ ऑक्टोबर १९२७ रोजी, आधीचे अनेक प्रयत्न फसल्यानंतर, तिने १५ तास १५ मिनिटांत इंग्लिश खाडी पोहून पार केली. हा मान मिळवणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. चारच दिवसांनी डोरोथी लोगन नावाच्या डॉक्टरबाईंनी आपण त्याहून कमी वेळात खाडी पोहल्याचे जाहीर केले. पुढे ती थाप निघाली. असे दावे किती सहज खपतात हे दाखवायचे होते, असा त्यांचा खुलासा. पण या प्रकरणात मर्सिडीजच्या खऱ्या पराक्रमावरही संशयाचे सावट आले. तिने पुन्हा पोहून दाखवायचे ठरवले आणि विल्सडॉर्फने ही संधी हेरली. तिला एक सोन्याचे ऑयस्टर देण्यात आले.

२१ ऑक्टोबरला ती पाण्यात उतरली तेव्हा समुद्र पहिल्या वेळेपेक्षा फार गार होता. घड्याळ मनगटावर नव्हते, फितीने गळ्यात बांधलेले होते. दहा तासांहून अधिक पोहल्यावर ती थंडीने अर्धवट शुद्धीत असताना तिला नावेत ओढून घेतले. किनारा अजून काही मैल दूर होता. सोबत आलेल्या वार्ताहरांना तिची जिद्द पाहून पहिल्या पोहण्याबद्दल शंका उरली नाही, आणि तिच्या गळ्यातले घड्याळ बिनचूक चालू असल्याची नोंद ‘टाइम्स’च्या वार्ताहराने केली.

२४ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘डेली मेल’चे अख्खे पहिले पान रोलेक्सने घेतले. त्यासाठी १,६०० पौंड मोजले असे सांगितले जाते. ‘बातम्या बाजूला सारून पहिले पान मिळवले’ असे वर्णन हल्ली वाचायला मिळते ते चुकीचे आहे. त्या काळी ‘डेली मेल’चे पहिले पान जाहिरातींसाठीच असे. नवल होते ते एकाच मालाने ते संपूर्ण भरल्याचे. पंचमहाभूतांना दाद न देणारे नवलाचे घड्याळ अवतरले, अशी त्या पानाची घोषणा. पाणी, दमट हवा, उष्णता, थंडी, धूळ, हादरे यांपैकी कशानेही ते बिघडणार नाही, असा दावा. आणि त्याला आधार मर्सिडीजचा.

‘खाडी पार करणारे घड्याळ’ ही आख्यायिका या जाहिरातीच्या पोटी जन्मली. खाडी पार झाली ७ तारखेला, तेव्हा घड्याळ नव्हते. घड्याळ होते २१ तारखेला, तेव्हा खाडी पार झाली नाही. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की वाचक त्यांची सांगड स्वतःच घालतो. अर्थात दहा तास थंड समुद्रात तग धरणे हा त्या डबीचा खरा पराक्रम होता. त्याला खाडीचे लेणे चढवायची गरजच नव्हती. मर्सिडीज पुढे १९२८ साली जिब्राल्टरची सामुद्रधुनी पोहून गेली आणि आपल्या कमाईतून तिने लेस्टरमध्ये बेघरांसाठी घरे काढली. जाहिरातींच्या इतिहासात तिचे नाव बहुतेकदा त्या एका घड्याळापुरते येते, हे तिच्यावर अन्याय करणारे आहे.

वृत्तपत्राला दुकानांची जोड होती. विक्रेत्यांनी काचेच्या दर्शनी खिडकीत मत्स्यपात्र मांडायचे, त्यात सोनेरी मासे, पाणवनस्पती आणि मधोमध पाण्यात बुडालेले चालू ऑयस्टर. रस्त्यावरचा माणूस थबकून सेकंदकाटा बघायचा. दाखला वाचायला लागतो, हे नुसते पाहायचे होते.

आकाश, शिखर, तळ

१९३० नंतर साक्षीदारांची रांगच लागली. ३ एप्रिल १९३३ रोजी बिहारमधील पूर्णियाजवळून उडालेल्या दोन ब्रिटिश विमानांनी एव्हरेस्टवरून पहिले उड्डाण केले. वैमानिकांकडे ऑयस्टर घड्याळे होती आणि जाहिरातीत ती झळकली. मोटारीचा जागतिक वेगविक्रम करणारा सर माल्कम कॅम्पबेल, ज्याने सप्टेंबर १९३५ मध्ये युटाच्या मिठागरावर ताशी ३०० मैलांची मर्यादा ओलांडली, तोही कंपनीच्या पानांवर दिसू लागला.

याच दशकातली ‘पर्पेच्युअल’ची जाहिरात मात्र कंपनीच्या अंगाशी आली. हाताच्या हालचालीने स्वतःच किल्ली मिळणाऱ्या मनगटी घड्याळाचे पेटंट जॉन हारवुड या ब्रिटिश घड्याळजीने १९२४ सालीच घेतले होते. त्याची कंपनी मंदीत बुडाली. रोलेक्सने १९३१ साली पूर्ण वर्तुळात फिरणारा भार बसवून रचना सुधारली, आणि ती सुधारणा खरोखर मोठी होती. पण नंतरच्या जाहिरातींनी मूळ शोधाचेच श्रेय घेतले. आक्षेप आल्यावर १९५६ साली कंपनीने हारवुडचे छायाचित्र छापून त्याचे श्रेय मान्य करणारी जाहिरात दिली. चूक जाहिरातीत झाली, दुरुस्तीही जाहिरातीतच केली. असा प्रामाणिकपणा या धंद्यात विरळाच.

एव्हरेस्टची गोष्ट इतकी सरळ मिटली नाही. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी शिखरावर पोहोचले. मोहिमेला रोलेक्सनेही घड्याळे पुरवली होती आणि स्मिथ्स या इंग्लिश कंपनीनेही. मोहिमेचा नेता जॉन हंट याची शिफारस रोलेक्सने छापली. किल्ली द्यायला हातमोजे काढावे लागत नाहीत ही त्यात सांगितलेली सोय, जो कधी बर्फात राहिला आहे त्यालाच तिची किंमत कळेल. स्मिथ्सच्या जाहिरातीत खुद्द हिलरी सांगत होता की शिखरावर आपण नेले ते स्मिथ्सचेच. रोलेक्सची वाक्ये नीट वाचली तर ती मोहिमेबद्दल आहेत. शिखराचा क्षण वाचकाच्या कल्पनेवर सोडलेला आहे. आज हिलरीचे स्मिथ्स लंडनच्या घड्याळजी मंडळाच्या संग्रहात, तर त्याचे एक रोलेक्स झुरिकच्या बायर घड्याळ संग्रहालयात आहे. त्याच साली ‘एक्सप्लोरर’ हे नाव बाजारात आले, आणि ते शिखराशी कायमचे जोडले गेले.

त्यानंतर पाण्याखाली बुडी मारणाऱ्यांसाठी ‘सबमरीनर’, पॅन ॲम विमान कंपनीच्या वैमानिकांसाठी दोन देशांची वेळ दाखवणारे ‘जीएमटी-मास्टर’ (१९५५) अशी प्रत्येक धंद्याची घड्याळे निघाली. २३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श ‘त्रिएस्त’ या पाणबुडीतून मारियाना गर्तेच्या तळाशी, सुमारे १०,९०० मीटर खोल गेले. पाणबुडीच्या बाहेरच्या अंगाला बांधलेले रोलेक्स वर आले तेव्हा चालू होते. ते फुगीर भिंगासारख्या काचेचे, मुद्दाम तयार केलेले घड्याळ होते. दुकानात तसे मिळत नव्हते, आणि मनगटावर ते कुणी घातलेही नसते.

मनगटाच्या मालकाकडे

पन्नाशीच्या दशकात सूर बदलला. १९५६ सालच्या ‘डे-डेट’बरोबर जगाची सूत्रे हलवणाऱ्या पुरुषांच्या मनगटावर रोलेक्स असते, अशी भाषा सुरू झाली. नावे घ्यायची नाहीत, हाताच्या पंजाचे किंवा व्यासपीठाचे चित्र द्यायचे. १९६० नंतर जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात संस्थेने हे सूत्र पक्के केले. संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहाचे छायाचित्र, आणि खाली मजकूर असा की उद्या तुम्हाला इथे बोलायचे असते तर तुम्ही रोलेक्स घातले असते. पुढे ‘काँकॉर्ड’ विमानाच्या वैमानिकासाठीही हेच वाक्य वापरले गेले. घड्याळ किती अचूक आहे हे आता गौण झाले. ते वापरणारा कोण, याला महत्त्व आले. गोल्फपटू आर्नोल्ड पामर, शर्यतपटू जॅकी स्ट्युअर्ट, बर्फावर घसरण्याचा विजेता जाँ-क्लोद किली हे साठच्या दशकाच्या अखेरीस कंपनीशी जोडले गेले.

वेळ सांगण्याचा मुद्दा जाहिरातीतून आधीच मागे पडला होता, हे कंपनीच्या पथ्यावर पडले. डिसेंबर १९६९ मध्ये सैको या जपानी कंपनीने बॅटरीवर चालणारे क्वार्ट्झ घड्याळ आणले. स्वस्तातले घड्याळही आता जास्त अचूक चालू लागले. अनेक स्विस कारखाने बंद पडले. रोलेक्सने १९७७ साली ‘ऑयस्टरक्वार्ट्झ’ काढून पाहिले, पण भिस्त कमानीच्या यंत्रावरच ठेवली. अचूकतेवर पैजा मारत बसली असती तर ती हरली असती. १९७८ पासून विम्बल्डनच्या कोर्टावर तिचे घड्याळ लागले, आणि लांबलचक मजकुराच्या जाहिराती कमी होत गेल्या.

भारतात या साऱ्याचा पडसाद मर्यादित होता. इंग्रजी अमदानीत मुंबईच्या घड्याळ बाजारात ‘वेस्ट एंड’ आणि ‘फेवर ल्यूबा’ ही स्विस नावे जास्त घरोघरी होती. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधने आली, १९६१ पासून एचएमटीचे घड्याळ मिळू लागले, आणि परदेशी घड्याळे मुंबईत चोरट्या मार्गाने येणाऱ्या मालात गणली जाऊ लागली. जाहिरात परदेशी मासिकात पाहायची आणि घड्याळ कुणा परत आलेल्याच्या हातावर, एवढाच मध्यमवर्गाचा संबंध.

जुन्या मासिकांतून सुटी केलेली ही पाने आता स्वतंत्रपणे विकली जातात. संग्राहकांना ती शोभेपेक्षा पुरावा म्हणून हवी असतात. कोणत्या वर्षी काटे कसे होते, तबकडीवर कोणती अक्षरे होती, हे त्यांवरून ठरवून बनावट माल पकडता येतो. नावांचाही छडा लागतो. १९६३ सालच्या ज्या घड्याळाला आज सगळे ‘डेटोना’ म्हणतात, त्याला सुरुवातीच्या एका जाहिरातीत ‘ल मां’ म्हटले आहे. त्याच जातीचे, अभिनेता पॉल न्यूमनचे घड्याळ २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरना गेले. न्यूमन कंपनीचा करारबद्ध प्रसिद्धीदूत नव्हता. घड्याळ त्याला बायकोने दिले होते आणि जपून गाडी चालव, असे तिने त्याच्या पाठीवर कोरून घेतले होते.